ग्रामसभेच्या खात्यात तेंदूचा पैसा आला. वाटून टाकायचा की जंगलासाठी ठेवायचा?

मानेवाडा_रिंगरोड

मंडळी, मी नागपुरात राहतो, गाव रामटेक तालुक्यात, देवलापारच्या पुढे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद अजून ताजा आहे. गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि यंदा पहिल्यांदाच ग्रामसभेने तेंदूपत्ता (विडीची पानं) स्वतः लिलाव करून विकला. तोडाईची मजुरी हंगामातच घरोघरी पोचली. मजुरी आणि खर्च जाऊन उरलेली रक्कम आता ग्रामसभेच्या खात्यात पडून आहे आणि तिच्यावरून गावात सरळ दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, सगळी रक्कम बोनस म्हणून वाटा, लोकांनी उन्हातान्हात पानं तोडली आहेत. दुसरा म्हणतो, वाटून टाकली तर जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) कोण काढणार, राखणीला कोण जाणार, मोहाची नि चाराची (चारोळीची) रोपं कोण लावणार? भरीस भर म्हणून आमच्यासारखे नागपूरला स्थायिक झालेले काही जण म्हणताहेत की आमचंही नाव गावच्या मतदार यादीत आहे, आम्हालाही वाटा द्या. माझा चुलतभाऊच त्यात पुढे आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जंगलाच्या उत्पन्नातला ठरलेला भाग आधी जंगलात परत गेला पाहिजे, बाकीचं वाटावं. पण ज्याचं पोट हातावर आहे त्याला हे मी नागपुरात बसून कोणत्या तोंडाने सांगू? ज्यांच्या गावांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी लिहा.

---

फुटाळा_चौपाटी

सगळे वाटा. इतकी वर्षं नफा कंत्राटदाराने नेला, गावाला फक्त मजुरी. एकदा तरी पैसा हातात दिसू द्या, मग लोक आपोआप जंगल राखतील.

---

लाखनीवाली

@फुटाळा, वाटायचा तर कोणत्या हिशेबाने? पुड्यांच्या की घरांच्या? हा प्रश्न सुटला नाही तर भांडण तिथूनच पेटतं.

माहेरी मी स्वतः पान तोडलं आहे. पहाटे चारला जंगलात शिरायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. मग घरभर पानं पसरून सगळ्यांनी पुडे बांधायचे, लहान पोरंसुद्धा. सत्तर पानांचा पुडा, पळसाच्या मुळाच्या दोरीने बांधलेला. संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) नेऊन द्यायचा, मुन्शी मोजून रांगेत उन्हात मांडून घेतो. असे हजार पुडे म्हणजे एक गोणी. आता ज्या घरात पाच माणसं तोडणारी त्यांचे पुडे ढीगभर, आणि एकटी विधवा बाई तिच्या दोन हातांनी किती बांधणार? मजुरी पुड्यांवर मिळाली ती बरोबरच. पण उरलेला पैसा तोडाईचा नाही, तो जंगलाचा आहे आणि जंगल सगळ्या गावाचं. तो घरटी सारखा वाटला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

---

वनरक्षक_निवृत्त

वनखात्यात नोकरी गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गावाला सोबत घेऊन जंगल राखायचं ही गोष्ट आजची नाही. १ जून १९९० ला केंद्राचं परिपत्रक आलं, १९९२ मध्ये महाराष्ट्राने शासन निर्णय काढला आणि गावोगाव संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या झाल्या. काही गावांत फार चांगलं काम झालं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी लोकांनी स्वतः पाळली. पण समितीचा सचिव वनपाल. बैठक कधी घ्यायची, रजिस्टर कोणाकडे ठेवायचं, कामाचा आराखडा कोण करणार, हे सगळं खात्याच्या हातात. गावाने राखण करायची आणि हिस्सा कधीतरी तोड झाली की मिळेल म्हणून वाट पाहायची. निधी संपला की समितीही संपली, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वेगळी गोष्ट केली. गौण वनउपजाची (तेंदू, मोह, बांबू वगैरे) मालकी ग्रामसभेची, विकण्याचा हक्क तिचा आणि जंगल सांभाळण्याचा अधिकारही तिचाच. त्यासोबत जबाबदारीही आली. त्या कायद्याचं कलम ५ वाचा, वन्यजीव, जंगल, पाणलोट यांचं रक्षण करण्याची ताकद ग्रामसभेला दिली आहे. पैसा पूर्ण वाटून टाकणारं गाव ही ताकद वापरणार कशाच्या जोरावर? माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने.

---

सिव्हिल_लाइन्स

एक वेगळं मत मांडतो, रागावू नका. गावांच्या हातात जंगल दिलं तर दहा वर्षांत जंगल शिल्लक राहणार नाही. वैयक्तिक पट्ट्यांच्या नावाखाली अतिक्रमणं झालेली सगळ्यांनी पाहिली आहेत. पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथले वाघ जगले ते कडक बंदोबस्तामुळे.

---

धानोऱ्याचा_भाचा

@सिव्हिल_लाइन्स, रागवत नाही, पण वैयक्तिक पट्टा आणि सामूहिक वनहक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात शेतीखालच्या जमिनीचा हक्क, दुसऱ्यात उभं जंगल गावाने राखायचं.

माझा आजोळचा तालुका धानोरा, गडचिरोली जिल्हा. तिथल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावाने कित्येक वर्षं आधीच तयारी केली होती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यामागची मेहनत कमी लोकांना. अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने. एक माणूस जरी तयार नसला तरी विषय पुढच्या सभेला. वेळ लागतो, पण नंतर कोणी फाटे फोडत नाही.

आणि हक्क मिळूनही बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना खात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. २०१२ च्या सुधारित नियमांत तर परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडेच आलं. जंगल संपवायचं असतं तर त्या गावाला इतकी वर्षं मोकळं रान होतं. जाऊन बघा, जंगल उभं आहे.

---

बर्डीचा_बाप्पू

मेंढ्याचं नाव निघालं अन् आमचा भाचा आला नाही असं कधी झालं नाही बाप्पा! 😀 पण खरं सांगतो, त्याच्यामुळंच मले हे सारं समजलं.

एक विचारायचं होतं जी. पेसा कायद्यात तं तेंदूचे पैसे ग्रामसभेलेच मिळते ना? मंग यायच्या गावाले काहून एवढा त्रास?

---

कोर्टकचेरी

@बाप्पू, पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तो फक्त अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे तसं घोषित केलेल्या आदिवासी भागात लागू होतो. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांचे काही भाग त्यात येतात. नागपूर, भंडारा, गोंदिया नाहीत. म्हणून नागपूर जिल्ह्यातल्या गावाने पेसाचं नाव घेऊन अर्ज केला तर तो तिथेच अडतो. वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागू आहे, रामटेक काय आणि पारशिवनी काय.

ज्यांचे दावे अजून व्हायचेत त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. आपला भाग पूर्वी मध्यप्रांतात होता, त्यामुळे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे जुने कागद आपल्याकडे असतात. कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून जळण, चारा, बांबू न्यायचा हे त्यात लिहिलेलं असतं. सामूहिक दाव्याला यापेक्षा बळकट पुरावा नाही. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात मागा, तिथे चिकाटी सोडू नका. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.

---

यवतमाळकर

जंगलाच्या हक्काचा विषय विदर्भाला नवा नाही. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी, आपल्याकडे जंगल सत्याग्रह. आमच्या घरी अजून अभिमानाने सांगतात.

---

मोहफूल

मीही नागपूरकर, कुहीकडची. धाग्यात थोडं खाण्याचं लिहू का? तेंदूच्या पानाबद्दल सगळे बोलतात, टेंभरांबद्दल (तेंदूच्या फळांबद्दल) कोणीच नाही! पिकलेलं टेंभरू मिळालं की उन्हाळा सार्थकी. आणि मोहफुलं वाळवून, भाजून, तीळ-जवसाबरोबर कुटून केलेले लाडू ज्याने खाल्ले नाहीत त्याने मोहाचा अर्थ फक्त दारूशी लावू नये.

---

लाखनीवाली

@मोहफूल, लाडूत गूळ घालता की नुसत्या मोहाच्या गोडीवर? आमच्याकडे नुसतेच. आणि टोळीचं (मोहाच्या बियांचं) तेल? आजी त्यातच पुऱ्या तळायची.

---

मोहफूल

गूळ अजिबात नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते कृती. नाहीतर संपादक धागा पाककृती विभागात हलवतील. 😀

---

वनरक्षक_निवृत्त

मोहाचा विषय निघालाच आहे तर आगीबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पालापाचोळा असला तर फूल दिसत नाही, म्हणून लोक झाडाखाली आग लावतात. तेंदूला कोवळे धुमारे फुटावेत, पान चांगलं यावं म्हणूनही काही जण रान जाळतात. मार्च-एप्रिलमधल्या बऱ्याच वणव्यांची सुरुवात इथून होते. त्यात चाराची, आवळ्याची, बेहड्याची रोपं आणि बांबूचे कोवळे कोंब जळतात. खात्याचा एक वनरक्षक किती बीट फिरणार? गावाने ठरवलं तर मात्र आठवड्यात फरक दिसतो. मोहाखाली झाडून घ्यायचं, पाला लांब ओढायचा, जाळी किंवा जुनी लुगडी अंथरायची. तेंदूसाठी जाळण्याऐवजी हंगामाआधी झुडपं छाटायची. आणि गावाने पगार देऊन दोन-तीन महिने आग-राखणीची टोळी ठेवायची. हा खर्च ग्रामसभेच्या पैशातून करायचाच. पान वाढलं तर उरलेल्या वाट्यात वाढ होईल, म्हणजे हा खर्च वाटण्याच्या आड येत नाही.

रायमुनियाचंही (घाणेरीच्या झुडपाचंही) तेच. ती काढून टाकली नाही तर गवत उगवत नाही, गुरांना चारा नाही.

---

गोंडपिपरी_एसटी

आमच्या तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये हजार हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, कारण छाटणी आणि आगीने जंगलाचं नुकसान होतं, आणि बांबूवर गाव चालवलं. काही भाग तोडीविना राखून ठेवला. रोजगारासाठी बाहेर जाणारे कमी झाले. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही, बांबू असावा लागतो. पण तेंदू म्हणजे देवाने दिलेलं एकमेव उत्पन्न असं समजू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

---

परतवाडा_नाका

याला जोडून. परतवाड्याजवळचं पायविहीर. त्यांना मिळालेलं जंगल जेमतेम १९३ हेक्टर आणि तेही ओसाड. गावाने राखलं, सीताफळं आली, ती ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट शहरात विकली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. मोठं जंगल असलंच पाहिजे असं काही नाही.

---

गोंदिया_मेमू

व्यापाराच्या बाजूबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझा या धंद्याशी जवळून संबंध आला आहे.

आमच्या गोंदियात आणि अमरावतीत २०१३ मध्ये काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूचे लिलाव केले, विदर्भातली ती सुरुवात. नंतर गडचिरोलीत तर ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर पसरली. २०१७ ला भाव इतके चढले की लोकांचा विश्वास बसेना. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, पानावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. पुढच्या हंगामात भाव कोसळले, कित्येक ठिकाणी खरेदीदार करार करूनही पैसे द्यायला मागेपुढे पाहू लागले. अनामत घेतली नव्हती त्या ग्रामसभा अडकल्या.

पाऊस, गारपीट हाही धोका. फळीवर वाळत घातलेले पुडे एका अवकाळीने काळे पडतात. करारात माल कधी खरेदीदाराचा होतो हे लिहिलेलं नसेल तर नुकसान गावाचं.

म्हणून माझं मत असं, वाटा किंवा ठेवा, पण एक हिस्सा वाईट वर्षासाठी बँकेत ठेवाच. एका चांगल्या हंगामावर सगळं वाटून मोकळं झालेलं गाव पुढच्या मंदीत परत कंत्राटदाराकडे उचल मागायला जातं. असं झालेलं मी पाहिलं आहे आणि फार वाईट वाटतं.

---

फुटाळा_चौपाटी

@गोंदिया, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तरी लोकांना काहीतरी हातात मिळालंच पाहिजे यावर मी ठाम आहे. नुसता ‘विकास निधी’ म्हटला की तो समाजमंदिराच्या फरशीत जातो.

---

लाखनीवाली

@फुटाळा, या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. जंगलाचा पैसा जंगलाच्या कामातच, आणि ते काम म्हणजे गावातल्याच माणसांची मजुरी. म्हणजे पैसा हातातच येतो.

आणखी एक. सभा कधी घेता? आमच्या गावी सकाळी अकराला घ्यायचे, तेव्हा बायका एकतर शेतात नाहीतर मोहात. मग ठराव पुरुषांनीच केलेला. नियमात कोरमसंख्या म्हणजे निम्मे सदस्य हजर आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात असं आहे. रजिस्टरवर नुसते अंगठे घेऊन ती भरत नाही. आणि पैसे वाटाल ते कुटुंबप्रमुखाच्या खात्यात घालू नका. पान बाईने तोडलं आणि पैसा नवऱ्याच्या खात्यात, हे आता तरी थांबलं पाहिजे. मला यावर बोलताना त्रास होतो, कारण आईचं आयुष्य तसंच गेलं.

---

सिव्हिल_लाइन्स

सगळं वाचतोय. मेंढा, पाचगाव ही गावं चांगली आहेत हे मान्य. पण तिथे वर्षानुवर्षं कार्यकर्ते बसले होते. जिथे कोणी नाही तिथे दलाल येऊन ग्रामसभेचा शिक्का वापरणार, ही माझी काळजी खरी आहे. आणि वाघ? चंद्रपूर जिल्ह्यात तर मोह-तेंदूच्या हंगामात जंगलात गेलेली माणसं वाघाने मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

---

धानोऱ्याचा_भाचा

दलालांची काळजी बरोबर आहे, ती मलाही आहे. त्याला उपाय एकच, हिशेब उघडा. लिलाव गावात, सगळ्यांसमोर. किती गोण्या, काय दर, कोणाला किती दिलं हे ग्रामसभेच्या भिंतीवर लिहायचं. बँकेत दोन सह्या, त्यातली एक बाईची. ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड काढायचं, नाहीतर व्यवहार कोणातरी एका माणसाच्या नावावर जातो आणि तिथूनच दलाल आत शिरतो.

वाघाबद्दल: जोडीने, गटाने जायचं, उजाडण्याआधी जंगलात शिरायचं नाही, माग दिसला की तो भाग चार दिवस सोडायचा. हे नियम खात्याच्या फलकावर असतात, पण गावाने स्वतः केले तर पाळले जातात. वाघ कुठे फिरतो हे त्या बायकांइतकं कोणाला माहीत असतं?

---

बर्डीचा_बाप्पू

मूळ प्रश्न राहूनच गेला ना जी! मानेवाडावाले भाऊ, तुमच्या चुलतभावाचं काय झालं? नागपुरात राहणाऱ्याले वाटा भेटते का नाही?

---

कोर्टकचेरी

कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. यादीत नाव असण्याने सभेला बसता येईल, पण उत्पन्न कसं वाटायचं हे ठरवणं सभेच्याच हातात आहे. बहुतेक गावं ‘गावात राहतो आणि राखणीच्या पाळीला येतो’ अशी अट घालतात. ही अट मला न्याय्य वाटते. ज्याला नागपूरहून वाटा हवा त्याने मार्च-एप्रिलमध्ये आगीच्या पाळीला यावं.

---

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे प्रतिसाद चुलतभावाला मोठ्याने वाचून दाखवले. राखणीच्या पाळीचं ऐकून तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, “येतो मी, सुट्टी टाकून येतो.” यायलाच लावणार आहे त्याला.

गावाकडे फोनवर बोलणं झालं. पुढची सभा संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर ठेवायचं ठरलं, बायकांनीच वेळ सांगितली. मी तिथे मत देणार नाही, फक्त इथलं मांडणार. तीन गोष्टी: आधी आग-राखण आणि रायमुनिया काढण्याची मजुरी, मग वाईट वर्षासाठी बँकेत ठेव, आणि राहिलेलं घरटी सारखं, बाईच्या खात्यात. किती टक्के कशाला हे त्यांनीच ठरवावं.

@गोंदिया_मेमू, करारात अनामतीचं आणि पाऊस आला तर नुकसान कोणाचं याचं कलम कसं लिहायचं? यंदाच्या करारात ते नव्हतं.

---

गोंदिया_मेमू

मसुदा व्यनि केला आहे. अनामत लिलावाच्या दिवशीच घ्या, नंतरच्या तारखेचा चेक घेऊ नका. उरलेली रक्कम माल फळीवरून उचलण्याआधी. आणि ‘फळीवर मोजून घेतल्यापासून माल खरेदीदाराचा’ हे वाक्य जसंच्या तसं टाका, त्यावर खरेदीदार हुज्जत घालेल, तरी सोडू नका.

---

वनरक्षक_निवृत्त

जाळरेषेची कामं फेब्रुवारीच्या आत उरका, नंतर उपयोग नाही. सभेला चालत असेल तर मी येतो. कुठून कुठवर रेषा काढायची ते जंगलात फिरून दाखवतो. देवलापारपर्यंत बसने येईन, पुढे न्यायला कोणीतरी गाडी घेऊन या.